मातीच्या माणसाचा जबाब



स्मृतिव्याख्यानात एकच मुद्दा धरावा आणि तो शेवटापर्यंत न्यावा, ही रीत मला मान्य आहे. आजचा विषय आहे ज्यू लोककथांमधला गोलेम, म्हणजे मंत्राने जिवंत केलेला मातीचा माणूस. त्याची गोष्ट बहुतेकांनी एका रूपात ऐकलेली असते. सोळाव्या शतकातले प्राग शहर, तिथले विद्वान रब्बी यहुदा लोव, नदीकाठची माती, कपाळावर किंवा तोंडात पवित्र अक्षरे. मग हा मातीचा सेवक उठतो, राबतो, ज्यूंचे रक्षण करतो आणि एके दिवशी पिसाळतो. या गोष्टीचा अर्थही ठरून गेला आहे. माणसाने देवाची बरोबरी करू पाहिली, निर्मिती त्याच्या अंगावर उलटली. म्हणजे गोलेम हा फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा आणि यंत्रमानवाचा आजोबा. हा अर्थ मला अपुरा वाटतो. मूळ ग्रंथ काळाच्या क्रमाने वाचत गेले, तर घडवलेल्या प्राण्याचे बंड जवळजवळ कुठेच भेटत नाही. भेटते ती घडवणाऱ्याची झडती. त्याचे ज्ञान किती, त्याचे चित्त किती शुद्ध, त्याचे लक्ष कुठे होते, हे ती परंपरा पुनःपुन्हा विचारते. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: जबाबदार. जो जबाब देऊ शकतो तो जबाबदार. गोलेम जबाब देऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वाट्याचा जबाब त्याला घडवणाऱ्याकडे मागितला जातो. एवढेच मला आज दाखवायचे आहे.

एक खुलासा आधीच करतो. मराठी माणसाच्या ओळखीचे ज्यू म्हणजे कोकणातले बेने इस्रायल: तेलाचे घाणे चालवणारे शनवार तेली, मालिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हन्नाबीला आळवणारे, मराठीत कीर्तने रचणारे. गोलेमच्या ज्या गोष्टी आज आपण पाहणार आहोत त्या त्यांच्या अंगणातल्या नाहीत. या कथेचे बीज बॅबिलोनियातले. ती वाढली ऱ्हाइन नदीकाठच्या जर्मन ज्यूंमध्ये, नंतर पोलंडात, आणि तिला नाव मिळाले प्रागमध्ये.

शब्दापासून सुरुवात करू. हिब्रू बायबलमध्ये 'गोलेम' हा शब्द एकदाच येतो, १३९व्या स्तोत्रात. तिथे स्तोत्रकार देवाला सांगतो आहे, की मी अजून आकाराला आलो नव्हतो तेव्हाही तुझी दृष्टी माझ्यावर होती. त्या आकाराला न आलेल्या देहाला तो गोलेम म्हणतो. मातीच्या गोळ्याशी या शब्दाचे आपल्या कानाला नाते वाटते. ते फक्त कानापुरतेच, पण अर्थ लक्षात ठेवायला उपयोगी. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या महाग्रंथात आदामाच्या पहिल्या दिवसाचे बारा तास मोजले आहेत. पहिल्या तासात धूळ गोळा झाली, दुसऱ्यात तो गोलेम झाला, तिसऱ्यात हातपाय ताणले गेले, चौथ्यात जीव आला. म्हणजे त्या दिवशी तासभर प्रत्येक माणसाचा मूळपुरुष गोलेमच होता. मिश्ना या तालमूदच्या जुन्या गाभ्यात शुद्धाशुद्धतेचे नियम सांगताना धातूच्या अर्धवट घडवलेल्या भांड्यांसाठी हाच शब्द वापरला आहे: ठोकून आकार दिला आहे, पण कड घासायची राहिली, कान बसवायचा राहिला. राक्षस, भूत, पिशाच यांपैकी कशाशीही या शब्दाचा संबंध नाही. त्याचा अर्थ अपुरे राहिलेले काम. आणि काम अपुरे राहिले असेल, तर पहिला प्रश्न भांड्याला विचारत नाहीत, तांबटाला विचारतात.

मिश्नाच्याच 'पिर्के आवोत' या भागात माणसांची एक जोडी येते, शहाणा आणि गोलेम. शहाण्याची सात लक्षणे दिली आहेत आणि गोलेमची त्याच्या उलट, एवढे म्हणून विषय संपवला आहे. ही सात लक्षणे नीट पाहण्यासारखी आहेत. आपल्याहून थोराच्या आधी न बोलणे, दुसऱ्याचे बोलणे मध्ये न तोडणे, उत्तराची घाई न करणे, मुद्द्याचे विचारणे आणि मुद्द्याचे उत्तर देणे, आधीचे आधी आणि नंतरचे नंतर सांगणे, जे ऐकले नाही ते ऐकले नाही म्हणून कबूल करणे, आणि सत्य मान्य करणे. सातही लक्षणे संवादाची आहेत. बळ, रूप, बुद्धीची झेप यांचा उल्लेखही नाही. गोलेम म्हणजे ज्याला बोलण्याच्या देवघेवीत नीट उभे राहता येत नाही तो, हा अर्थ मातीचा माणूस कथेत येण्यापूर्वीच या शब्दात मुरलेला होता. सातव्या लक्षणातला 'सत्य' हा शब्दही ध्यानात असू द्या. तो पुढे मातीच्या कपाळावर येणार आहे.

आता ती मूळ गोष्ट. बॅबिलोनियन तालमूदच्या 'सन्हेद्रिन' या खंडात ती अवघ्या दोन-तीन ओळींत सांगितलेली आहे. चौथ्या शतकातला विद्वान रवा याने एक पुरुष निर्माण केला आणि तो रब्बी झेरा यांच्याकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलले. तो काही बोलला नाही. तेव्हा झेरांनी ओळखले, की हा आपल्या मंडळींपैकी कोणाची तरी करणी आहे, आणि त्याला पुन्हा मातीत जायला सांगितले. एवढेच. गोलेम हा शब्दही तिथे नाही. पण अक्षरे पाहण्यासारखी आहेत. हिब्रू-अरामाईक लिपीत 'रवा' हे नाव तीन व्यंजनांचे: रेश, बेत, आलेफ. 'निर्माण केले' यासाठीचे क्रियापद 'बरा' याच तीन अक्षरांचे, पहिली दोन जागा बदललेली. 'पुरुष' यासाठीचा शब्द 'गवरा' म्हणजे त्याच तीन अक्षरांच्या आधी आणखी एक, गिमेल. कर्ता, क्रिया आणि कर्म एकाच अक्षरांच्या मातीतून काढलेले आहेत. निर्मितीची गोष्ट सांगणारे वाक्य स्वतःच अक्षरांची उलटापालट करून निर्मिती करून दाखवते. हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. तालमूदचे संपादक अक्षरांबाबत फार सावध होते. आणि 'बरा' हे क्रियापद कोणते? बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, तिथे वापरलेले.

या गोष्टीच्या लगेच आधी रवाचेच एक मत दिले आहे, आणि गोष्टीची किल्ली त्यात आहे. नीतिमान माणसांनी मनात आणले तर ते जग निर्माण करू शकतील, असे तो म्हणतो. आधार घेतो यशयाच्या ५९व्या अध्यायातल्या एका वचनाचा: तुमची पापे तुमच्यात आणि देवात आड आली आहेत. रवाचा तर्क सरळ आहे. आड येणारे पाप असेल तर निर्मितीला मर्यादा. पाप नसेल तर मर्यादाही नाही. आता हे मत आणि गोष्ट एकत्र वाचा. रवाने माणूस केला, तो चालत झेरांच्या दारापर्यंत गेला, पण बोलेना. मग कुठेतरी काहीतरी आड आले होते, आणि रवाच्याच हिशेबाने ते रवाच्या बाजूला होते. मातीच्या माणसाचे मुकेपण हे त्याला घडवणाऱ्याचे मोजमाप झाले. त्याच पानावर दोन विद्वानांची गोष्ट आहे. ते दर शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, पूर्वसंध्येला निर्मितीच्या ग्रंथाचा अभ्यास करून एक वासरू निर्माण करीत आणि खात. त्यात कुणाला काही खटकले नाही, कारण वासराकडून उत्तराची अपेक्षा नव्हती.

मधली काही शतके मी ओलांडून जातो आणि थेट ऱ्हाइनकाठच्या वर्म्स शहरात येतो. तिथले एलाझार, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावरचे धर्मशील गूढवादी, यांनी 'सेफेर येत्झिरा' म्हणजे निर्मितीचा ग्रंथ यावर टीका लिहिली आणि तीत मातीच्या माणसाचा विधी दिला. माती डोंगरावरची हवी, कुणी कधी न खणलेली. ती वाहत्या झऱ्याच्या पाण्यात मळायची. मग बावीस हिब्रू अक्षरांच्या जोड्या, अशा २३१ होतात, ईश्वरी नामाच्या अक्षरांशी आणि स्वरांशी गुंफून एकेका अवयवावर म्हणायच्या. तासन्‌तासांचे हे काम. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर सगळे बिघडले. याच परंपरेतल्या एका टीकाग्रंथात असे सांगितले आहे, की विधी करणाऱ्या शिष्यांनी प्रदक्षिणेची दिशा चुकवली तेव्हा तेच बेंबीपर्यंत जमिनीत रुतले. शिक्षा मातीच्या माणसाला झाली नाही, शिष्यांना झाली. आणि हा विधी पूर्ण झाल्यावर त्या माणसाने करायचे काय? काहीही नाही. पाणी भरणे नाही, पहारा नाही. गेर्शोम शोलेम या विसाव्या शतकातल्या थोर अभ्यासकाने याचा अर्थ असा लावला, की हा विधी साधकाच्या अनुभवासाठी होता, सेवक मिळवण्यासाठी नव्हता. त्यांच्यानंतरचे मोशे इदेल काही बाबतींत त्यांच्याशी वाद घालतात, पण या विधीत चाकरीची कल्पना नाही हे तो ग्रंथच सांगतो.

इथे थोडे थांबतो. ११९६ साली एलाझारांच्या घरात हल्लेखोर शिरले आणि त्यांची पत्नी डुल्सिया व दोन्ही मुली यांचा त्यांनी जीव घेतला. त्यांच्यासाठी एलाझारांनी लिहिलेले शोककाव्य आजही उपलब्ध आहे. त्याच्या शंभर वर्षे आधी, १०९६ मध्ये, पहिल्या धर्मयुद्धाच्या जमावांनी वर्म्स आणि माइन्झ इथल्या ज्यू वस्त्यांची कत्तल केली होती. रक्षकाची गरज याहून जास्त कोणाला असणार? मातीतून माणूस उठवण्याची रीत ज्यांच्या हाती होती, त्याच माणसाचे घर उद्ध्वस्त झाले होते. तरीही त्यांच्या गोलेमच्या हातात काठी नाही. गोलेम हे मुळातच दुबळ्यांचे स्वप्नातले शस्त्र आहे असे जे म्हटले जाते, त्याला माझ्या मते हे सर्वांत मोठे उत्तर आहे.

तेराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात आणखी एक कथा आहे. तिच्यासाठीच मी हा विषय घेतला असे म्हटले तरी चालेल. संदेष्टा यिर्मया आणि त्याचा मुलगा बेन सिरा निर्मितीच्या ग्रंथाचा अभ्यास करतात आणि एक माणूस घडवतात. त्याच्या कपाळावर 'परमेश्वर देव सत्य आहे' अशा अर्थाची अक्षरे असतात. सत्य म्हणजे 'एमेत': आलेफ, मेम, ताव. वर्णमालेचे पहिले, मधले आणि शेवटचे अक्षर. सत्य सगळी वर्णमाला व्यापते अशी त्यामागची धारणा. पण या माणसाच्या हातात सुरी आहे आणि तो उठताक्षणी कपाळावरचे आलेफ खरवडून काढतो. उरते 'मेत', म्हणजे मृत. वाक्याचा अर्थ होतो, देव मेला. यिर्मया अंगावरची वस्त्रे फाडतो आणि विचारतो, हे काय केलेस? आणि हा मातीचा माणूस बोलतो. तो एका वास्तुशिल्पीचा दृष्टान्त सांगतो. शिल्पीने नगरे उभारली, त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. दोघांनी त्याची मनधरणी करून विद्या शिकून घेतली, मग त्याच्याशी फारकत घेऊन तेच काम कमी दामात करू लागले. लोक मूळ शिल्पीला विसरले. तुम्ही माणूस केलात, तर उद्या लोक म्हणतील जगात हे दोघेच देव. मग उपाय काय, असे यिर्मया विचारतो. तो सांगतो, जी अक्षरे म्हणून मला केलेत ती उलट क्रमाने म्हणा. तसे करताच तो धूळ होतो. यिर्मयाचा निष्कर्ष असा, की ही विद्या शिकावी ती निर्मात्याचे सामर्थ्य कळण्यासाठी. करून पाहण्यासाठी नव्हे.

माझ्या मुद्द्यावर पहिला आक्षेप इथे येऊ शकतो. मुकेपण हे घडवणाऱ्याच्या उणेपणाचे चिन्ह असेल, तर हा बोलणारा गोलेम कसा? उत्तर कथेतच आहे. घडवणारा संदेष्टा आहे, म्हणजे आड येणारे काही नाही. म्हणून निर्मिती बोलते. आणि बोलता येताच ती पहिली गोष्ट कोणती करते? घडवणाऱ्यांनाच जाब विचारते. या परंपरेत जितका गोलेम पूर्ण, तितकी त्याला घडवणाऱ्याची झडती कडक. सुरी त्याच्या हातात होती, पण तिने कुणाला ओरखडाही काढला नाही. तिने फक्त एक अक्षर खरवडले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळू नये. जो बोलत नाही त्याला मातीत परत पाठवायचे, हा न्याय असेल तर तो भयंकर आहे. मुकी माणसे, अर्भके, वाचा गेलेले वृद्ध यांचे काय? हा प्रश्न ज्यू धर्मशास्त्र्यांनाही पडला होता. १७१२ साली अॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या निर्णयसंग्रहात झ्वी हिर्श अश्केनाझी, ज्यांना 'हाखाम झ्वी' म्हणतात, यांनी ९३ क्रमांकाखाली विचारले आहे: निर्मितीच्या ग्रंथाने केलेला माणूस प्रार्थनेच्या गणपूर्तीत धरता येईल का? सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ हजर आहेत आणि दहावा मातीचा आहे. त्यांनी हा प्रश्न खेळ म्हणून घेतला नव्हता. खेल्म गावचे रब्बी एलियाहू, ज्यांनी असा माणूस केल्याची ख्याती होती, ते त्यांचे पूर्वज. आणि त्यांची विचाराची चाल पाहा. आधी ते गोलेमच्या बाजूने मांडतात. जो अनाथाला आपल्या घरात वाढवतो तो त्याचा बाप ठरतो, असे शास्त्र म्हणते. नीतिमानांची कृत्ये ही त्यांची संतती, असेही म्हणते. मग हा माणूस नीतिमानाच्या हातचा, तो त्याचे मूल का नाही? एका धर्मपंडिताने मातीच्या माणसाला क्षणभर का होईना अनाथाच्या जागी बसवले, याचे मोल मला फार वाटते. मग ते विरुद्ध बाजूला येतात. झेरांनी त्याला नाहीसे केले; त्याचा प्रार्थनेला उपयोग असता तर त्यांनी तसे केले नसते. पण मग ती हत्या नव्हती का? यावर त्यांचा युक्तिवाद असा, की शास्त्रात मनुष्यवधाचा जो शब्दप्रयोग आहे तो माणसाच्या पोटात घडलेल्या माणसाविषयी आहे. हा तसा घडलेला नाही. म्हणजे वाचेच्या निकषावर जीव घेण्याचा अधिकार त्यांनी टिकवला नाही. आईच्या उदरातून आलेला माणूस बोलो न बोलो, त्याचा जीव घेणे हा खूनच. गणपूर्तीतली जागा आणि जगण्याचा हक्क या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. ही मांडणी सगळी मनाला पटते असे मी म्हणणार नाही. उदराचा निकषही पुढे अडचणीचा ठरू शकतो. पण त्यांना कशाची चिंता होती हे दिसते: मुक्याला बाहेर काढण्याची नव्हे, माणूस करणाऱ्याने कोणत्या मर्यादेत राहावे याची.

आता खेल्मच्या कथेकडे, कारण पिसाळलेल्या गोलेमचा पुरावा म्हणून तीच पुढे केली जाते. हाखाम झ्वींचे चिरंजीव याकोब एम्डेन यांनी ती आपल्या वडिलांकडून ऐकून लिहून ठेवली. रब्बी एलियाहूंचा मातीचा माणूस मुकाट्याने घरकाम करी. तो वाढत चालला. आपल्या हातून जगाचा नाश होईल या भीतीने रब्बींनी त्याच्या कपाळावरचे नाम ओढून काढले. त्या झटापटीत गोलेमने त्यांचा चेहरा ओरबाडला. पोलंडमधल्या ज्यूंकडून ऐकलेली अशीच कथा एका जर्मन विद्वानाने १६७४ साली नोंदवली होती, आणि १८०८ मध्ये याकोब ग्रिम यांनी ती थोडक्यात छापली. त्या रूपात मालकाने बेफिकिरीने गोलेमला इतका वाढू दिला, की कपाळापर्यंत हात पोचेना. मग त्याने गोलेमला आपले बूट काढायला सांगितले, तो वाकला, मालकाने आलेफ पुसले. आणि चिखलाचा तो ढीग त्याच्याच अंगावर कोसळून तो चिरडला गेला. यात बंड कुठे आहे? गोलेम वाकला, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत त्याने आज्ञाच पाळली. त्याने केले काय, तर तो वाढला. ज्याने रोज सकाळी त्याला पाहिले आणि उद्या बघू म्हणून सोडून दिले, त्याच्या अंगावर ढीग पडला. एम्डेनच्या कथेतला ओरखडासुद्धा नाम हिसकावतानाचा आहे. सॉलोमन इब्न गाबिरोल या स्पेनमधल्या कवीने लाकडाच्या तुकड्यांची आणि बिजागऱ्यांची एक स्त्री केली होती, अशीही दंतकथा सतराव्या शतकात नोंदली गेली. तिथेही चुगली झाली ती कवीची, सरकारदरबारी, आणि त्यालाच तुकडे सुटे करून दाखवावे लागले, की ही पुरी स्त्री नाही.

राहिले प्राग. रब्बी यहुदा लोव, ज्यांना 'महाराल' म्हणतात, १६०९ साली वारले. त्यांच्या ग्रंथांत आपण गोलेम केल्याचे कुठे येत नाही. त्यांच्याच शहरातले इतिहासकार डेव्हिड गान्स यांनी १५९२ मध्ये आपली बखर छापली. तीत बादशहा दुसरा रुडॉल्फ याच्याशी महारालांची भेट झाल्याची नोंद आहे, गोलेमची नाही. पुढे अठराव्या शतकात लिहिलेल्या महारालांच्या चरित्रातही नाही. प्राग आणि गोलेम यांची गाठ छापील पुस्तकांत दिसते ती एकोणिसाव्या शतकात. १८४७ साली प्रागमध्ये निघालेल्या 'सिप्पुरीम' या कथासंग्रहाने ती पक्की केली. या रूपातली घटना अशी: गोलेमच्या तोंडात नामाची चिठ्ठी असते, आणि दर शुक्रवारी शब्बाथ लागण्यापूर्वी रब्बी ती काढून घेतात, कारण शब्बाथच्या दिवशी सेवकालाही विश्रांती. एका शुक्रवारी ते विसरतात. गोलेम घरे मोडू लागतो. लोक सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, धावत येतात. शब्बाथचे स्तोत्र म्हणून झालेले असते, पण दिवस अजून पुरता लागलेला नसतो. रब्बी बाहेर जाऊन चिठ्ठी काढतात, परत येतात आणि स्तोत्र पुन्हा म्हणायला लावतात. ज्याला आपण पिसाळणे म्हणतो त्याचे कारण कथेनेच सांगितले आहे: मालक विसरला. राबणाऱ्याला सुट्टी द्यायची होती आणि ती दिली गेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की रक्षक गोलेमला तुम्ही वगळता, आणि आज तोच सर्वांत प्रिय आहे. वगळत नाही, त्याचे वय सांगतो. त्याचे आज ओळखीचे रूप १९०९ साली घडले. युडल रोझेनबर्ग या पोलंडमधल्या रब्बींनी महारालांच्या चमत्कारांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते महारालांच्या जावयाने लिहिलेल्या जुन्या हस्तलिखितावरून घेतल्याचे सांगितले. असे हस्तलिखित नव्हते. कथा रोझेनबर्ग यांच्याच. त्यांच्या गोलेमचे मुख्य काम रक्तआरोप उघडा पाडणे हे आहे, म्हणजे ज्यू लोक सणासाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात हा जीवघेणा खोटा आळ. तो रात्री गल्ल्यांतून फिरतो, आणि ज्यूंच्या घरी गुपचूप टाकायला आणलेले प्रेत पकडून देतो. हे का लिहावेसे वाटले? १८९९ मध्ये बोहेमियातल्या पोल्ना इथे लिओपोल्ड हिल्स्नर या ज्यू तरुणाला अशाच आळापायी शिक्षा झाली होती. १९०३ मध्ये किशिनेव्हच्या दंगलीत ४९ ज्यू मारले गेले, आणि तिच्यामागेही हीच अफवा होती. पुस्तक निघाल्यावर दोनच वर्षांनी कीवमध्ये मेंडेल बेइलिस यांना याच आरोपाखाली पकडले. १९१३ मध्ये ते निर्दोष सुटले. पोलीस, न्यायालय, वर्तमानपत्र यांपैकी कोणी ज्यांच्या बाजूने उभे नव्हते, त्यांच्यासाठी रोझेनबर्ग यांनी एक पहारेकरी उभा केला. बनावट हस्तलिखिताचा दोष देताना माझा हात जड होतो. आणि लक्षात घ्या, त्यांचाही गोलेम बंड करत नाही. संकट टळल्यावर रब्बी त्याला सिनेगॉगच्या माळ्यावर नेऊन विधीने निरोप देतात. एलाझारांच्या काळात जे स्वप्न पडले नव्हते ते विसाव्या शतकात पडले, हे त्या शतकाविषयी फार काही सांगते. आणि जाब इथेही उभ्या राहिलेल्या मातीला विचारलेला नाही. तो माणसांच्या राज्याला विचारला आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. १९६४ साली गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच देव आणि गोलेम यांना शेजारी बसवले. १९६५ मध्ये इस्रायलच्या रेहोवोत इथल्या वाइझमन संस्थेत नवा संगणक सुरू झाला. शोलेम यांनी सुचवल्याप्रमाणे त्याचे नाव ठेवले 'गोलेम आलेफ', आणि उद्‌घाटनाचे भाषणही त्यांनीच केले. तेव्हाचे संगणक मुके होते. आता यंत्रे बोलतात, विचारले तर उत्तर देतात, तेही अनेक भाषांत. मग झेरांची परीक्षा मोडीत निघाली का? मला तसे वाटत नाही. झेरांनी वक्तृत्वाची परीक्षा घेतली नव्हती. पिर्के आवोतमधली सात लक्षणे पुन्हा आठवा: जे ऐकले नाही ते ऐकले नाही म्हणणे, सत्य मान्य करणे. उत्तर देणे आणि उत्तरदायी असणे यांत जे अंतर आहे, तेच अंतर वाक्ये जुळवण्यात आणि जबाब देण्यात आहे. बोलणारे यंत्र चुकले, कुणाची नोकरी गेली, कुणाचे कर्ज नाकारले गेले, कुणावर खोटा आळ आला, तर गणपूर्तीत बसून त्याचा जाब देणारा दहावा माणूस कोण, हा हाखाम झ्वींचा प्रश्न जागच्या जागी आहे. यंत्र उद्या पिसाळेल का, या भयाने आपण तो प्रश्न झाकतो, आणि ज्यांच्या हाताला माती लागलेली आहे ते लोक त्या भयाआड सुखाने उभे राहतात. गोलेमच्या जुन्या कथांनी त्यांना असे उभे राहू दिले नाही. बूट काढायला सांगणारा मालक, चिठ्ठी विसरणारा रब्बी, वस्त्रे फाडणारा यिर्मया: प्रत्येक कथेत नजर त्यांच्यावर आहे.

ज्याच्या माळ्यावर गोलेमला निरोप दिला ते प्रागचे सिनेगॉग १२७० च्या सुमाराचे आहे आणि त्याला 'जुने-नवे सिनेगॉग' असेच म्हणतात. १९२० च्या दशकात एगॉन एर्विन किश हा पत्रकार गोलेम शोधायला त्याच्या माळ्यावर चढला. त्याला काही सापडले नाही. खाली मात्र आजही शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे ते ९२वे स्तोत्र दोनदा म्हणतात.